तळणीची नोंद रक्तात



उकडलेल्या बटाट्यात ॲक्रिलामाइड हे रसायन जवळपास नसते. त्याच बटाट्याच्या काचऱ्या तांबूस होईपर्यंत परतल्या की ते तयार होते. बटाट्यातले ॲस्पराजिन आणि साखर १२० अंशांपुढच्या कोरड्या आचेवर एकत्र आली की हे घडते, आणि खमंगपणाही त्याच अभिक्रियेतून येतो. म्हणूनच ‘आठवड्यातून किती वेळा वेफर्स खाता?’ असे विचारून कोणाच्या पोटात ते किती गेले हे कळत नाही. तळण किती लाल झाले होते, बटाटे शीतगृहात किती दिवस पडून गोडसर झाले होते, हे खाणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? रक्तात मात्र नोंद राहते. हे रसायन हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, तिथेच राहते. मधुमेहींची ‘तीन महिन्यांची साखर’ याच तत्त्वावर मोजतात.

अन्नातल्या ॲक्रिलामाइडचा पत्ता लागला तोही रक्तातूनच. १९९७मध्ये स्वीडनमधील एका रेल्वे बोगद्यात पाण्याची गळती बुजवायला वापरलेल्या रसायनातून ते ओढ्यात उतरले. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांचे रक्त तपासताना तुलनेसाठी ज्यांचे नमुने घेतले, त्या बोगद्याशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांतही ते आढळले. त्याचा माग काढत संशोधक तळणीपर्यंत पोहोचले, आणि २००२मध्ये ही गोष्ट जगासमोर आली.

ॲक्रिलामाइडमुळे माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा एकमुखी नाही, मग घबराट कशाला, असे कोणी म्हणेल. एकमुखी नाही हे खरेच. पण त्यातले बहुतेक अभ्यास प्रश्नावलीवरच उभे आहेत. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच युरोपीय देशांतील १,१०१ गर्भवतींच्या अभ्यासात नाळेच्या रक्तात ॲक्रिलामाइडचे प्रमाण जास्त असलेल्या बाळांचे जन्मवजन कमी भरले. यातून कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही ते नाही. विडी-सिगारेटमुळेही रक्तातला हा आकडा बराच वाढतो, तेव्हा रक्ताच्या नमुन्यासोबत तंबाखूची माहिती घ्यावीच लागेल.

रक्तातले ॲक्रिलामाइड मोजण्याची तपासणी खासगी लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजात मात्र घुसवू नये. एकट्या माणसाचा आकडा पाहून डॉक्टर त्याला काय सांगणार? तिचा उपयोग समूहासाठी आहे, आणि खर्चिक असली तरी थोड्या नमुन्यांवर भागते. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५१ हजारांहून अधिक मुलांचे नमुने घेतले गेले. पुढच्या सर्वेक्षणातल्या हजारभर मुलांचे रक्त यासाठी तपासावे आणि निष्कर्ष अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जाहीर करावेत, ही विनंती.

— एक वाचक, पुणे