रशियन पोरगी, अहेरीचं ताट

ऑ पेअर. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्यानं'. परदेशातली एक तरुण मुलगी (मुलगाही चालतो, पण येते बहुतेकदा मुलगीच) तुमच्या घरी येऊन राहते, पोरं सांभाळते आणि बदल्यात तिला स्वतंत्र खोली, जेवण, पॉकेटमनी आणि तुमची भाषा शिकायचा चान्स मिळतो. म्हणजे ती कामवाली नाही आणि पेइंग गेस्टही नाही. मग कोण? १९६९ साली युरोपियन देशांनी स्ट्रासबर्गला यावर चक्क करार केला, तरी घराघरांत हा घोळ चालूच आहे.

आमच्या घरात तो २०१९ साली शिरला. माझी चुलतबहीण मूळची अहेरीची. नवरा-बायको दोघंही म्युनिकला आयटीत. घरात जुळी पोरं आणि पाळणाघराचा नंबर काही लागेना. काकूचं सोल्यूशन तयार होतं, "इथलीच एखादी पोरगी पाठवतो ना मी!"

पण जर्मन कायदा काकूपेक्षा कडक निघाला. तिथला नियम असा, की यजमानांच्या घरात जर्मन बोललं गेलं पाहिजे. ती त्यांची मातृभाषा नसेल, तर ऑ पेअर त्यांच्या मूळ देशातली चालत नाही. तिला जर्मन शिकायचंय ना, मग तुमच्या घरी येऊन ती मराठीच बोलत बसेल! थोडक्यात, म्युनिकच्या मराठी घरात अहेरीची मुलगी येऊ शकत नाही, रशियातली येऊ शकते. आली. वय एकवीस, जर्मन जेमतेम. आणि तिच्यासाठी ताईच्या घरात दिवसभर जर्मन सुरू झालं. पोरांची मराठी रात्रीच्या गोष्टीपुरती उरली. ही किंमत कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नसते.

बाकीचे नियम वाचून मात्र तुम्हाला बॉसचा राग येईल. दिवसाला जास्तीत जास्त सहा तास काम, आठवड्याला तीस. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, शिवाय वर्षाला चार आठवडे पगारी रजा. खोलीला खिडकी हवीच. विमा यजमानांनी काढायचा. आहे असं काही तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये? पॉकेटमनी मात्र महिन्याला तीनशे युरोच्याही आत. मला विचाराल तर इथेच गोम आहे. बरोबरी म्हणायचं आणि पैसे खाऊपुरते द्यायचे! स्वस्त मजुरीला दिलेलं गोंडस नाव, अशी टीका नॉर्वेत इतकी वाढली, की २०२४ मध्ये त्यांनी ही योजनाच गुंडाळली.

ताईचंही व्हायचं तेच झालं. आज जरा भांडी, उद्या जरा इस्त्री. महिनाभर पोरगी गप्प होती. मग एका संध्याकाळी तिनं डायरी आणून टेबलावर ठेवली. त्या आठवड्याचे तास मांडलेले होते, एकोणचाळीस. ना रडारड, ना भांडण. ताई सांगते, "एखाद्या क्लायंटनं टाइमशीट परत पाठवावी तसं वाटलं!" पण त्या दिवसापासून दोघींचं खरं जमलं.

जमायला मुद्देही बरेच होते. रशियन माणूस घरात शिरताना चपला-बूट दारात काढतो, आपल्यासारखाच. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही साखळीही सेम टू सेम. दाराला त्यांच्याकडे 'दवेर', तीनला 'त्री'. व्हिडिओ कॉलवर जुळे काकूला 'बाबुश्का' म्हणायला लागले. आजीच ती, पण काकूला वाटलं काहीतरी खायचं मागताहेत.

त्याच वर्षी दसऱ्याला ताई सगळं बिऱ्हाड घेऊन अहेरीला आली. सोबत टुरिस्ट व्हिसावर ही पण. (ऑ पेअरसाठी भारताचा व्हिसाच नाही, आणि टुरिस्ट व्हिसावर काम करता येत नाही. त्यामुळे इथे ती नियमानुसारही शुद्ध पाहुणी!) नागपूर, चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली असा प्रवास. फ्रीलान्सरला कसली आलीय सुट्टी, मीही लॅपटॉप घेऊन पोचले. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत सरकारला कळवावं लागतं. काकांनी तो फॉर्म अशा थाटात भरला, की जणू राजदूतच मुक्कामाला आलाय.

दसऱ्याचं जेवण. पाट मांडलेले. पोरगी जेवली आणि ताट उचलून थेट मोरीकडे निघाली. काकू धावली, "अवो, ठेव ते! पाहुणी हायेस तू!" ताट काकूकडच्या मावशींच्या हातात गेलं. अठरा वर्षं या घरात राबणाऱ्या मावशी. त्यांचं जेवण सगळ्यांच्या नंतर, स्वयंपाकघरात, वेगळ्या ताटात.

मुलीनं ताईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. ताई गप्प. मी विचारलं, काय म्हणतेय? ताई हळूच म्हणाली, "या बाईंची सुट्टी कधी असते, विचारतेय."

घरकामगारांसाठी राज्यात २००८ पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे. २०११ मध्ये जागतिक कामगार संघटनेनं घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती द्यावी असा करार केला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार अजून स्वीकारलेला नाही. हे सगळं मला माहीत होतं, यावर मी लेखही पाडलाय. पण पंगतीत बसून तो प्रश्न काकूसाठी मराठीत करायची हिंमत ना ताईची झाली, ना माझी.

शेवटी काकूनंच डोळे वटारले, "काय म्हन्ते वो ते?"

ताईनं सांगितलं.

काकू खरंच चक्रावली. "सुट्टी? तिले काऊन पायजे सुट्टी? घरचीच तं हाये ते!"

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. मावशी पदराला हात पुसत दारात आल्या आणि म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी द्या मंग. पोरीकडे जाऊन येईन."

काकू काहीच बोलली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मावशी आल्या नाहीत. भांडी काकूनं घासली, दिवसभर पुटपुटत. पुसायला रशियन पोरगी बसली होती, व्हिसाचे नियम धाब्यावर बसवून.