भिंतीवर किती ओझे?

मागच्या उन्हाळ्यात गोरेगाव तालुक्यातील एका गावी आमच्या नात्यातल्या एका भावाकडे जाणे झाले. घर जुने, विटांची जुडाई मातीत, वर कवेलू. माकडे कवेलू फोडतात, पावसाळ्यात घर गळते, म्हणून त्याच भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकण्याचा त्यांचा विचार. "भिंत चांगली दीड फुटाची आहे, काय होते तिला?" असे ते म्हणाले.

आम्ही इंजिनिअर नाही, कारकून आहोत. पण हिशेब येतो. 10 बाय 12 च्या खोलीवर 4 इंची स्लॅब टाकला तर त्याचे वजन पावणेतीन टनांच्या वर जाते. कवेलू त्यामानाने फारच हलके.

बंधू-भगिनींनो, सरळ दाबाने भिंतीतली वीट सहसा चुरत नाही. भिंत जाते ती बगलेने. आधी पोट काढते, ओळंब्यातून सुटते आणि मग वरचे ओझेच तिला आडवी करते. त्यात जुडाई मातीची असली, तर आपल्याकडच्या झडीत खालचे थर ओले होऊन माती मऊ पडते, विटांची पकड जाते.

जाडीवर भरवसा ठेवणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसे गेली. तिथल्या दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे दगडगोट्यांची भर. दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. छपरावर दीड-दोन फूट माती. जमीन हलली तसे थर सुटले नि ती सारी माती झोपलेल्यांवर आली. बांधणारे अडाणी नव्हते हो, उन्हाळ्यात ती घरे गार राहत. आपल्याकडे तसा भूकंप नाही, पण पाऊस आहे.

भावाला आम्ही ओळंबा लावायला सांगितला. मागच्या भिंतीने दोन बोटे पोट काढलेले निघाले, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेगही होती. भेगेवर सिमेंटची पट्टी मारून तारीख लिहा, पट्टी फुटली तर भिंत अजून सरकते आहे असे समजा, एवढे सांगून निघालो. ऑगस्टमध्ये पट्टी फुटली.

त्यांनी स्लॅबचे पैसे आता पाया आणि कॉलमकडे वळवले आहेत. तोवर कवेलूच. वहिनी मात्र आमच्यावर अजून नाराज आहेत, माकडे येतातच ना.