हॅम्बुर्ग परतले; साळगावकर कुठल्या वाटेने परतणार?

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर सौदी अरेबियाचा अल नासर संघ उतरला. रोनाल्डो आला नाही, म्हणून अनेकांचा हिरमोड झाला. तरीही एफसी गोवाने या बलाढ्य संघाला १-२ असे झुंजवले आणि गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय पोरानेच केला. आनंद मानावा अशीच ही रात्र होती. मात्र याच दिवसांत धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोन जुन्या क्लबांना आय-लीग केव्हा सुरू होणार, हे ठाऊक नव्हते. साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये माघार घेतल्यापासून देशाच्या पहिल्या दोन श्रेणींत त्यांचे नाव दिसलेले नाही. गोव्याचे फुटबॉल एकाच वेळी आशिया खंडात पोहोचले आहे आणि घरातल्या घरात हरवलेही आहे.

हे हरवणे किती मोठे आहे, याचा अंदाज नव्या पिढीला नसावा. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे नाव बदलून २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली. तिचे पहिले सहा हंगाम पाहावेत. धेंपो, चर्चिल, पुन्हा धेंपो, साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. सलग सहा वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही. २०१२-१३ च्या हंगामात चौदा संघांपैकी चार या एवढ्याशा राज्याचे होते. धेंपोच्या खाती पूर्वीच्या लीगसह पाच राष्ट्रीय विजेतेपदे जमा आहेत आणि २००८ मध्ये आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत धडकला होता. १९५६ साली सुरू झालेल्या साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक जिंकला. ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रुनो कुतिन्हो यांची नावे या क्लबशी जोडलेली आहेत. वास्को, साळगावकर, धेंपो ही नावे गोव्यात केवळ संघांची नव्हती. कोण कुठल्या बाजूचा यावरून घराघरांत वाद होत.

युरोपातही नामांकित जुन्या क्लबांच्या पडझडीची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे आणि तिचे केंद्र जर्मनी आहे. १९६३ मध्ये बुंडेसलीगा सुरू झाली, तेव्हापासून एकदाही खाली न गेलेला एकमेव संघ म्हणून हॅम्बुर्ग मिरवत असे. अव्वल श्रेणीतला आपला काळ मोजणारे घड्याळच त्यांनी स्टेडियममध्ये लावले होते. १२ मे २०१८ रोजी ५४ वर्षे २६१ दिवसांवर हा मान संपला. १९८३ चा युरोपियन चषक जिंकणारा संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. सात वेळा जर्मन विजेता ठरलेला शाल्के २०२१ मध्ये उतरला, वर्षभरात वर आला आणि २०२३ मध्ये पुन्हा उतरला. कायझर्सलाउटर्नने १९९८ मध्ये खालच्या श्रेणीतून येऊन त्याच हंगामात विजेतेपद पटकावण्याचा चमत्कार केला होता. तोच क्लब वीस वर्षांनी तिसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि २०२० मध्ये त्याने दिवाळखोरीची कार्यवाही पाहिली. १९६६ चा विजेता म्युनिच १८६० तर २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून घसरला. जॉर्डनच्या गुंतवणूकदाराने पैसे देण्याचे नाकारल्याने त्याला तिसऱ्या श्रेणीचा परवानाही मिळाला नाही आणि तो थेट चौथ्या श्रेणीत जाऊन पडला.

या सर्वांच्या जागी आले कोण? एका पेय कंपनीच्या पैशावर २००९ मध्ये उभा राहिलेला लाइपझिग, एका सॉफ्टवेअर उद्योजकाच्या बळावर वर आलेला होफेनहाइम आणि सुमारे पन्नास हजार वस्तीच्या गावातला हायडेनहाइम. शेवटचे नाव महत्त्वाचे आहे. जुने क्लब पैशाअभावीच पडले असे म्हणणाऱ्यांना हायडेनहाइम उत्तर देते. हॅम्बुर्ग आणि शाल्के यांच्याकडे पैसा होता. तो त्यांनी वाईट रीतीने खर्च केला. प्रशिक्षक बदलले, महागडे खेळाडू घेतले, कर्ज काढले. शाल्केवर २०२१ च्या सुमारास दोनशे दशलक्ष युरोहून अधिक देणे होते आणि वर्षानुवर्षे रशियाच्या गॅझप्रॉमवर ठेवलेली भिस्त युक्रेन युद्ध सुरू होताच तोडावी लागली. क्लब सदस्यांच्या हाती असला म्हणजे कारभार आपोआप शहाणा होतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

तरीही १० मे २०२५ रोजी हॅम्बुर्ग परतले. दुसऱ्या श्रेणीतल्या सात वर्षांत त्यांचे स्टेडियम ओस पडले नाही. काही हंगामांत तर सरासरी पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक दुसऱ्या श्रेणीचे सामने पाहायला येत होते. कायझर्सलाउटर्न २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आले. म्युनिच १८६० चौथ्या श्रेणीतून पुन्हा तिसरीत चढले. ही सगळी ये-जा एकाच जिन्यावरची आहे. जो हरतो तो उतरतो, आणि जिंकला तर चढतो. खाली गेलेल्या क्लबचे नाव, मैदान, रंग, सदस्य तेच राहतात. जर्मनीत १९९८ पासून असा नियम आहे की क्लबच्या व्यावसायिक कंपनीत मतांचा अर्ध्याहून अधिक हिस्सा मूळ सदस्य-संस्थेकडेच असला पाहिजे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग या कारखान्यांतून जन्मलेल्या संघांना अपवाद दिले गेले, लाइपझिगने मताधिकार असलेले सदस्य मोजकेच ठेवून नियमाचा आत्मा काढून घेतला, हे खरे. पण शाल्केच्या दीड लाखाहून अधिक सदस्यांना कोणी एका पत्राने सांगू शकत नाही की उद्यापासून संघ बंद.

गोव्यात नेमके तेच घडले. आपले क्लब मैदानावर हरून संपले नाहीत. धेंपो २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून उतरला, पण पुढच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून त्याने परतीचा हक्कही कमावला होता. मग २०१६ च्या जूनमध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. राज्यातल्या लीगमध्ये आणि युवा गटांत खेळत राहू, एवढेच त्यांनी सांगितले. निमित्त होते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याचे. इंडियन सुपर लीगला अव्वल श्रेणी मानायचे, आय-लीगला दुय्यम करायचे आणि दोन्हींमध्ये चढ-उतार ठेवायचा नाही. म्हणजे आय-लीग जिंकली तरी वर जाण्याची सोय नव्हती. अव्वल श्रेणीत बसायचे तर दरवर्षी कोट्यवधींचे फ्रँचायझी शुल्क भरायचे. पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेल्या क्लबला, तुझी जागा तळमजल्यावर आणि जिना काढून टाकला आहे, असे सांगितल्यावर त्याच्या मालकाने खर्च का चालू ठेवावा?

खाणी बंद पडल्या म्हणून क्लब बंद पडले, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. २०१२ ची खाणबंदी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले ८८ पट्टे, यांचा आघात मोठा होता यात शंका नाही. पण धेंपो उद्योगसमूहाने आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता आणि त्यानंतर क्लबने दोनदा देशाचे विजेतेपद मिळवले. त्यामुळे केवळ खाणीकडे बोट दाखवून भागत नाही. शिवाय २०१४ मध्ये एफसी गोवाची फ्रँचायझी घेणाऱ्यांत श्रीनिवास धेंपो होते, दत्तराज साळगावकर होते. म्हणजे पैसा पूर्णपणे आटला नव्हता. तो नव्या दाराकडे वळला होता, कारण जुन्या दारातून कुठेच जाता येत नव्हते. उद्योजक म्हणून त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. प्रश्न असा की, ज्या क्लबवर तीन पिढ्यांनी प्रेम केले, त्याचे भवितव्य ठरवताना त्या पिढ्यांना विचारण्याची कुठलीच रीत आपल्याकडे का नव्हती?

आश्रयावर उभ्या असलेल्या खेळाचे हे दुखणे मराठी माणसाला नवे नाही. संस्थानी काळात इंदूरचा होळकर संघ आणि वडोदऱ्याचा संघ हे रणजी क्रिकेटमधले दोन दिग्गज. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकरांविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी वडोदऱ्यात ५७७ धावांची भागीदारी रचली, तेव्हा मांडवीच्या जुन्या दरवाजापासून राजवाड्याच्या मोतीबागेपर्यंत दुसरा विषय नसेल. पुढे संस्थाने गेली. सी. के. नायडूंच्या नेतृत्वाने गाजलेला आणि चार वेळा रणजी जिंकलेला होळकर संघ पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात नावासकट नाहीसा झाला. वडोदरा संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, पण त्याचा संघ राहिला. त्याने १९५७-५८ मध्ये रणजी जिंकली आणि त्यानंतर थेट २०००-०१ मध्ये. राज्यपुनर्रचनेसारखी इतर कारणे होतीच. मात्र गायकवाडांच्या आश्रयाने वाढलेला खेळ एका क्रिकेट संघटनेच्या हाती होता, म्हणून राजसत्तेमागोमाग तो गेला नाही, हे नाकारता येत नाही. (मधल्या त्रेचाळीस वर्षांत वडोदऱ्याने एकही चषक जिंकला नाही, तरी संघ बंद करावा, असे कोणाला सुचले नाही.)

गोव्यात शाबूत राहिलेल्यांची कथाही पाहण्यासारखी आहे. चर्चिल ब्रदर्सला २०१४ मध्ये परवान्याच्या मुद्द्यावरून आय-लीगबाहेर ठेवले गेले आणि २०१६-१७ मध्ये परत घेतले गेले. दरम्यान आशियाई महासंघाच्या दबावाखाली २०१९ मध्ये ठरले की आय-लीगच्या विजेत्याला पुढे अव्वल श्रेणीत बढती मिळेल. त्यानुसार पंजाब २०२३ मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये वर गेले. २०२४-२५ मध्ये ही संधी चर्चिलच्या हाताशी आली. महासंघाने त्यांना विजेता जाहीरही केले. पण गुणांचा वाद लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला आणि जुलैमध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळाले. लवादाच्या निर्णयाविषयी मतभेद असोत. मैदानावर संपायला हवा असा हंगाम तीन महिने कागदांवर खेळला गेला, एवढे मात्र खरे. धेंपोने वेगळी वाट धरली. त्यांनी तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २०२४-२५ मध्ये आय-लीग पुन्हा गाठली. जर्मन अर्थाने ‘परतलेला’ गोव्याचा क्लब कुठला, तर तो हाच.

२०२५ मध्ये सारेच पुन्हा हलू लागले. महासंघ आणि रिलायन्स यांच्यातला १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. त्याच्या नूतनीकरणाचा घोळ न सुटल्याने जुलैमध्येच इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित झाला आणि ज्या फ्रँचायझींसाठी जुने क्लब बाजूला सारले गेले, त्यांच्याच खेळाडूंच्या पगारावर सावट आले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महासंघाची नवी घटना काही बदलांसह मंजूर केली. अव्वल लीग महासंघाची असेल आणि तिच्यात चढ-उतार असेल, हे तत्त्व त्या घटनेत आहे. म्हणजे जिना पुन्हा बांधण्याची भाषा आता अधिकृत झाली आहे. प्रत्यक्षात २०२५ पर्यंत इंडियन सुपर लीगमधून एकही संघ खाली गेलेला नव्हता, आणि कोट्यवधी भरून बसलेला कुठला मालक स्वखुशीने उतरेल हेही दिसायचे होते.

गोव्याने या घडामोडींची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. गोवा फुटबॉल विकास मंडळाच्या केंद्रांवर आजही पोरे घाम गाळतात. त्यांतल्या हुशार पोराला सतराव्या वर्षी पुढचा संघ कुठला, हा प्रश्न पडतो. पूर्वी त्याचे उत्तर चार क्लबांत विभागलेले होते, शिवाय कंपनीत नोकरी मिळण्याची आशा असे. आता एफसी गोवाचे एकच दार आणि त्यासमोर रांग. राज्य सरकार मैदाने आणि अनुदान यांवर जनतेचा पैसा खर्च करते. तो देताना क्लबकडून एक अट मागून घेणे अशक्य नाही. वर्गणीदार सदस्य असावेत, त्यांना मत असावे, आणि मालकाला संघ गुंडाळायचा झाला तर नाव, रंग व खेळण्याचा हक्क सदस्यांकडे यावा. साळगावकर आणि स्पोर्टिंगला अशी सदस्य-संस्था असती, तर २०१६ मध्ये निदान एक सभा झाली असती.

 २०२५ च्या ऑक्टोबरअखेर आय-लीगचे वेळापत्रकही जाहीर झालेले नव्हते.