विचारांवर फोडलेले खापर

नैराश्याविषयी मराठीत जे लोकप्रिय लेखन होते, त्यातील पुष्कळशा लेखनाचे सार एका वाक्यात सांगता येते : माणसाला परिस्थिती खचवीत नाही, परिस्थितीविषयीचे त्याचे विचार खचवतात; सबब विचार बदला. हे वाक्य अर्धसत्य आहे, आणि रुग्णाच्या बाबतीत तर अन्यायकारक आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम या विचारसरणीचे श्रेय तिच्या पदरात टाकू. फिलाडेल्फियाचे अ‍ॅरन बेक (१९२१–२०२१) मूळचे मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे आत वळलेला क्रोध, हा फ्रॉइडप्रणीत सिद्धान्त पडताळण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. तेथे अपेक्षित क्रोधाऐवजी हानी आणि पराभव यांचीच चित्रे आढळली. त्यातून पुढे त्यांनी असे मांडले की, नैराश्यग्रस्त मनुष्य स्वतःकडे, जगाकडे आणि भविष्याकडे विपर्यस्त दृष्टीने पाहतो. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस १९५५ च्या सुमारास स्वतंत्रपणे याच दिशेने निघाले होते. त्यांची पद्धती कि. मो. फडके यांनी ‘विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र’ या नावाने मराठीत रुजवली. ‘मनाचे श्लोक’ पाठ करीत वाढलेल्या समाजाला मनाला उपदेश करण्याची कल्पना परकी वाटण्याचे कारणही नव्हते.

या बोधात्मक उपचारांनी गुण येतो, याबद्दल आमचा वाद नाही. अनेक चाचण्यांत ते औषधांच्या तोडीस तोड ठरले आहेत. वाद आहे तो त्या यशावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानाविषयी. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो. म्हणून ताप पॅरासिटॅमॉलच्या अभावाने आला, असे कोणी म्हणत नाही. मग विचारांवर काम केल्याने रुग्ण सावरला, एवढ्यावरून चुकीच्या विचारांनीच तो आजारी पडला, हे कसे सिद्ध होते?

किंबहुना, रुग्ण सावरतो तो विचार बदलल्यानेच, हेही निश्चित नाही. अमेरिकेतील नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले. सुमारे १५० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला संपूर्ण उपचार; दुसऱ्याला त्यातील काही भाग; तिसऱ्याला केवळ वर्तनाचा भाग, म्हणजे दिवस आखणे, टाळलेली कामे थोडी थोडी हाती घेणे, सुटलेला लोकसंपर्क पुन्हा जोडणे. तिन्ही गटांत सुधारणा सारखीच झाली. विशेष म्हणजे, ज्यांच्या विचारांना कोणी हात लावला नव्हता, त्यांचे विचारही इतरांइतकेच बदलले. आता कारण कोणते आणि कार्य कोणते?

यावर असा प्रतिवाद होऊ शकेल की, कृतीतून विचारच बदलतात, तेव्हा मूळ सिद्धान्ताला बाध येत नाही. पण मग विचारांचा काळोख हे आजाराचे लक्षण असून, आजार ओसरला की तोही ओसरतो, असे मानणे तितकेच सयुक्तिक ठरते.

याचा दुसरा दाखला आपल्या शेजारी गोव्यातला आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने ४९५ रुग्णांवर केलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झाली. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटींत त्यांनी रुग्णांना पुन्हा कामाला, माणसांत आणले. अडचणी सोडवायला मदत केली. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे आजाराच्या मर्यादेखाली आली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. तात्त्विक वादविवादात रुग्णाला हरवण्याची गरज पडली नाही.

आणि जेथे विचार खराच असतो तेथे काय? सलग दोन हंगाम बुडालेला विदर्भातील कापूस-उत्पादक ‘कर्ज फिटणार नाही’ म्हणतो, तेव्हा तो विपर्यास करीत नसून हिशेब करीत असतो. त्या हिशेबापासून ‘माझ्या जगण्याला अर्थ नाही’ इथपर्यंतची उडी तपासण्याजोगी आहे खरी. पण ती तपासताना हिशेबालाच विकृती ठरवले, तर आपण सावकाराची, बाजाराची आणि शासनाची बाजू रुग्णाच्या डोक्यात नेऊन बसवतो.

बेक यांच्यावर हा दोष सरसकट येत नाही. विचार गोड करा, असे त्यांनी कधी सांगितले नाही. तो पुराव्याशी ताडून पाहा, एवढेच सांगितले. शिवाय खोल नैराश्यात आधी कृती, मग विचार, हा क्रम त्यांनीच घालून दिला होता. मराठीत येता येता पडताळणी गळाली आणि उपदेश तेवढा उरला.

हा उपदेश निरुपद्रवी नाही. निष्कारण अपराधभाव हे नैराश्याचेच एक लक्षण आहे. अशा माणसाला ‘तू चुकीचा विचार करतोस म्हणून तुला हे झाले’ असे सांगणे म्हणजे आजाराच्याच आरोपपत्रावर आपण सही करणे होय. जो अंथरुणातून उठू शकत नाही, त्याला विवेकाचे प्रवचन देण्यापूर्वी त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावे. पुरावा त्या चालण्याच्या बाजूने पुरेसा भक्कम आहे.