खणातले पाच फोन



गेल्या महिन्यात आमच्या कामथडीत "जुने मोबाईल द्या, भांडी घ्या" अशी आरोळी देत एक फेरीवाला आला. सौ.ने लगेच टीव्हीखालचा खण उपसला. आत पाच फोन निघाले. एक बटणांचा, दोन काच तडकलेले, एक सुनेचा आणि एक नातवाने "आजोबा, हा फार स्लो झालाय" म्हणून टाकून दिलेला. पाच फोनांवर एक स्टीलचा डबा असा सौदा ठरत होता. मी मध्ये पडलो आणि सौदा मोडला. "अहो, त्या भंगारात आता काय डोकं घालणार आहात?" असं ती म्हणाली. डबा गेल्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. आजचा लेख तिला उत्तर म्हणून आहे. शिवाय "मोबाईल असताना या वयात हे वायरलेसचं खूळ कशाला?" असं फोनवर विचारणाऱ्या पुतण्यालाही आहे.

आधी दोन तारखा सांगतो.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पानशेत आमच्या शेजारच्या खोऱ्यात, त्यामुळे आमच्या गुंजवणीला त्याची झळ लागली नाही. पण काका पुण्यात नदीकाठच्या पेठेत भाड्याने राहत होते. पुण्यात पाणी शिरल्याची बातमी गावात आली, काकांची मात्र आली नाही. दोन दिवस आजी ओसरीवरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला, की सगळे शाळेत आसऱ्याला आहेत, सुखरूप आहेत. तेव्हा कुठे घरात चूल पेटली.

२२ जुलै २०२१. महाडला सावित्रीचा पूर आला. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. आमच्या भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट बंद झाला. माझी धाकटी बहीण महाडात राहते. "दादा, पायरीपर्यंत पाणी आलंय, आम्ही वर जातोय" एवढं बोलून तिचा फोन बंद पडला, तो पडलाच. तिकडचे टॉवर मुके झाले होते. इकडे घरात सहा चालू फोन, पाच खणात, आणि एकाचाही उपयोग नाही. या वेळी ओसरीवर मी बसलो. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

मंडळी, साठ वर्षं आणि दहा दिवस. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, घरोघरी टेलिफोन आले आणि गेले, मोबाईल आले. पण ज्या दिवशी खरी गरज होती त्या दिवशी आजीला जेवढा वेळ थांबावं लागलं तेवढाच मलाही लागला. याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे अपवाद झाले. मग माळीण आठवा. ३० जुलै २०१४, आपलाच पुणे जिल्हा. अख्खं गाव दरडीखाली गेलं आणि ते जगाला कळलं कसं, तर एसटीचा चालक नेहमीच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसलंच नाही. मोबाईलच्या जमान्यात बातमी एसटीने आली. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांनी याला अपवाद म्हणू नये.

आपली गफलत कुठे होते ते सांगतो. आपल्याला वाटतं, फोन फोनशी बोलतो. तसं नसतं. माझा फोन फक्त टॉवरशी बोलतो. टॉवरची वीज गेली, बॅटरी संपली किंवा त्याला पुढे जोडणारी केबल तुटली, की वीस हजारांचा फोन म्हणजे घड्याळ आणि विजेरी. शेजारच्या वाडीतल्या फोनशी परस्पर बोलायची ताकद त्याच्यात नाही. हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा हातातला संच मात्र दुसऱ्या संचाशी थेट बोलतो. मध्ये कंपनी नाही, बिल नाही, टॉवर नाही.

मग जुन्या फोनचं काय काम? गंमत इथेच आहे. नुसत्या आवाजाने निरोप देण्यात फार गोंधळ होतो. खरखरीत "साठे"चं "साळवे" होतं, "सतरा"चं "सत्तर" होतं. मदतछावणीतल्या चाळीस नावांची यादी आवाजावर सांगून पाहा म्हणजे कळेल. म्हणून निरोप अक्षरांत पाठवायचा. जुन्या फोनवर एक ॲप टाकायचं आणि इअरफोनच्या भोकातून एक वायर रेडिओ संचाला जोडायची. तुम्ही टाइप केलेली अक्षरं फोन दोन सुरांत बदलतो, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. संच ते सूर हवेत सोडतो आणि पलीकडचा फोन ते ऐकून पुन्हा अक्षरं मांडतो. कानाला नुसती एक चिरचिर ऐकू येते. वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे आजच्या हिशेबात बैलगाडी. पण निरोपाला बैलगाडी पुरते. शिवाय निरोप पोचला की पलीकडून आपोआप पोचपावती येते. पावती आली नाही तर फोन थांबून थांबून पुन्हा पाठवत राहतो. रजिस्टर पत्राची पिवळी पावती आठवते ना? तीच कल्पना.

ही पद्धत अमेरिकेच्या नौदल अकादमीत काम करणाऱ्या बॉब ब्रुनिंगा यांनी रूढ केली. तिला एपीआरएस म्हणतात. ते २०२२ मध्ये वारले. त्यांची पद्धत चालवायला नवा फोन लागत नाही. सिमकार्ड लागत नाही, तडकलेली काच चालते. उलट जुना फोनच बरा, कारण नव्या फोनांना इअरफोनचं भोकच नसतं! एकच काळजी घ्यायची. बॅटरी फुगली असेल तर तो फोन खणातही ठेवू नका.

आणि हे सगळं परदेशातलं आहे असंही समजू नका. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह बांधला आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोने तो पीएसएलव्हीवरून सोडला. त्याचं काम काय होतं? हौशी रेडिओवाल्यांचे छोटे लेखी निरोप एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचे. आपल्या घाटापलीकडच्या पोरांनी हे आकाशात नेऊन दाखवलं. आपल्याला जमिनीवर कामथडी ते भोर जमू नये?

आता माझा खरा वाद. तो दोन प्रकारच्या लोकांशी आहे.

पहिले, "कशाला हवं" म्हणणारे. शाळेसाठी एक संच, दोन जुने फोन आणि एक परवानाधारक शिक्षक, असा साधा प्रस्ताव घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "सर, आता फाईव्ह-जी आलंय." मी म्हटलं, साहेब, पुराला जी कळत नाही. ते हसले, आणि कागद जिथे जायचा तिथे गेला. जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली तेव्हाही कारण हेच होतं की आता मोबाईल आहेत. तार खर्चिक झाली होती हे मला मान्य आहे. पण तार गेली तेव्हा आपण मुख्य दार बसवून मागचं दार विटांनी बुजवलं. आग लागली की मागच्या दाराची किंमत कळते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हॅम लोकांची एक तुकडी वेगळ्याच कामासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला होती. भारती प्रसाद त्या तुकडीच्या प्रमुख होत्या. फोन बंद पडल्यावर बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर पोचवायचं काम त्यांनी केलं. त्या तिथे होत्या हा योगायोग होता. आपल्या तालुक्याने योगायोगावर विसंबायचं का?

दुसरे लोक "जुगाड"वाले. हे मला पहिल्यांपेक्षा धोक्याचे वाटतात. कुठून तरी स्वस्तातला वॉकीटॉकी मागवायचा, फोन जोडायचा आणि बिनपरवाना बडबडत सुटायचं. मंडळी, तो गुन्हा आहे. ऑनलाइन दुकानांतून असे संच सर्रास विकले जात होते म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्या दुकानांना नोटिसा काढल्या, ते योग्यच झालं. चुकीच्या लहरीवर बोलून तुम्ही पोलिसांच्या नाहीतर विमानांच्या बोलण्यात खो घालाल. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्याने सराव केलेला नाही तो ऐन वेळी गडबडतोच. चाळीस वर्षं परीक्षा घेतल्यावर एवढं तरी मी छातीठोकपणे सांगू शकतो.

म्हणून मी स्वतः परीक्षेला बसलो. वय वर्षं बहात्तर, शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए. ओहमचा नियम शाळा सुटल्यावर प्रथमच भेटला. पुस्तक इंग्रजी. "रेझोनन्स"ला अडलो तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी, जो आज नसरापुरात विजेची कामं करतो, रोज संध्याकाळी येऊन शिकवायचा. "सर, मागच्या आठवड्यात सांगितलं होतं की!" हे माझं वाक्य त्याने मलाच ऐकवलं. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, म्हणून निभावलं. दोघेही पास झालो. परवाने यायला बरेच महिने लागले, पण आले.

पहिला निरोप त्याच्या गच्चीवरून माझ्या गच्चीवर आला. संदेशाला जागा ६७ अक्षरांची. देवनागरीत लिहावं तर एकेक अक्षर रोमनच्या तिप्पट जागा खातं, काना-मात्रा वेगळ्या. जन्मभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाला रोमन लिपीत मराठी वाचावं लागलं! पण नातवाच्या त्या "स्लो" फोनवर "सर, सगळे सुखरूप" हे शब्द उमटले तेव्हा मी काही बोललो नाही. सौ.ला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. तिनेही काही विचारलं नाही. तिलाही ते दोन दिवस आठवत होतेच.

प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे, की या छोट्या संचाने महाड गाठता येत नाही. त्याच्या लहरी सरळ जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. आमच्या भागात डोंगर नाही असं ठिकाण दाखवा! डोंगरापलीकडे जायचं तर ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लागतात. त्या वर जाऊन आयनांबरावरून खाली परततात. त्याला मोठा संच आणि लांब तार हवी, पण अक्षरं लिहायला तोच खणातला फोन चालतो. दुसरं म्हणजे हा परवाना घरगुती निरोप्याचा नव्हे. आपत्तीत नेहमीची यंत्रणा कोलमडली तर अधिकाऱ्यांचे निरोप पोचवायचे, ही त्यातली मुभा आहे. म्हणजे त्या रात्री माझ्या बहिणीची खुशाली मला या मार्गाने मिळालीच असती असं मी म्हणत नाही. पण कोणत्या वाडीत किती माणसं अडकली आहेत, हे तहसीलदाराला त्याच रात्री कळू शकलं असतं. माझी खुशाली दोन दिवस थांबू शकते. ढिगाऱ्याखालचा माणूस थांबू शकत नाही.

तर सांगायचा मुद्दा असा, की यंत्रं आपल्याकडे आहेत. ती खणात पडली आहेत आणि आपण ती डब्यावर विकतो आहोत. जे नाही ते म्हणजे परवाना काढलेला, दर रविवारी सराव करणारा माणूस. प्रत्येक मोठ्या गावाच्या हायस्कुलात असा एक शिक्षक हवा आणि त्याच्या हाताखाली चार मुलं. वयाची बारा वर्षं झाली की मुलंही परीक्षेला बसू शकतात. पुस्तक मराठीत नसेल तर करू. भाषांतराला मी बसतो, वीजवाला चुका काढेल.

सध्या पाचांपैकी तीन फोन चालू आहेत. चौथा उघडून ठेवलाय. बटणांचा निकामी आहे हे मान्य, तो द्यायला हरकत नाही. डबा मी नवा आणून दिला आहे, स्वतःच्या पेन्शनमधून.

तुमच्याही घरचा खण उघडा, किती निघतात ते मोजा आणि मला कळवा. भांडीवाला येण्याआधी.