घर विकत, मालकी मुदतीची

इंग्लंडमध्ये फ्लॅट घेताना किमतीच्याही आधी विचारावा असा एक प्रश्न आहे: किती वर्षे उरली आहेत? पुण्यात किंवा ठाण्यात घर घेतलेल्या माणसाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. पण तिथले बहुतेक फ्लॅट ‘लीजहोल्ड’ असतात. घेणारा लाखो पौंड मोजतो आणि त्याबदल्यात त्याला ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. इमारत आणि तिच्याखालची जमीन ‘फ्रीहोल्डर’ या दुसऱ्याच कुणाच्या नावावर राहते आणि पट्टा संपला की कायद्याने फ्लॅटही त्याच्याकडे परत जातो. इंग्लंड आणि वेल्सच्या १९२५ च्या मालमत्ता कायद्याने जमिनीचे दोनच कायदेशीर हक्क शिल्लक ठेवले, एक कायमचा आणि दुसरा मुदतीचा. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे ५० लाख घरे, म्हणजे साधारण पाचातले एक, या दुसऱ्या प्रकारात मोडतात. नोकरीनिमित्त तिकडे जाऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबेही यातून सुटलेली नाहीत, कारण शहरात पहिले घर म्हणून परवडतो तो फ्लॅटच. माझे म्हणणे असे की ही व्यवस्था दुरुस्त होण्यापलीकडची आहे. ती केवळ नव्या इमारतींपुरती बंद करून भागणार नाही, आज त्या फ्लॅटांत राहणाऱ्यांचीही तिच्यातून सुटका व्हायला हवी.

आपल्याकडच्या सोसायटीशी तुलना केली की यातला दोष लगेच कळतो. महाराष्ट्रात बिल्डरने जमिनीचे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे करून द्यायचे, हे १९६३ च्या मोफा कायद्याने ठरवून दिले. बिल्डर टाळाटाळ करतात म्हणून २००८ च्या दुरुस्तीने ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची वाट काढून दिली. हजारो सोसायट्या आजही त्यासाठी खेटे घालत आहेत, हे खरेच. तरी जमीन शेवटी तिथे राहणाऱ्यांकडे आली पाहिजे, ही कायद्याची दिशा पक्की आहे. नवी मुंबईत सिडकोची जमीन ६० वर्षांच्या पट्ट्याने मिळते, पण तिथे पट्टा देणारी संस्था सरकारी आहे आणि इमारतीचा कारभार सोसायटीच पाहते. इंग्लंडमध्ये फ्रीहोल्ड ही गुंतवणुकीची वस्तू आहे. बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो आणि उरलेला फ्रीहोल्ड एखाद्या गुंतवणूक कंपनीला विकून मोकळा होतो. इमारतीची देखभाल कोणती कंपनी करणार, विमा कुठे उतरवायचा, रंगाचे काम कुणाला द्यायचे, हे ठरवण्याचा हक्क बहुतेक पट्ट्यांत त्या अनोळखी मालकाकडे असतो. ‘सर्व्हिस चार्ज’चे बिल मात्र रहिवाशांच्या नावाने येते.

या पट्ट्याचे गणितही विलक्षण आहे. एरवी घर जुने झाले तरी जागेची किंमत टिकते, बहुधा वाढते. इथे मात्र दरवर्षी हातातल्या वस्तूचा एक तुकडा गळून पडतो. ८० हा आकडा तिथला प्रत्येक सॉलिसिटर पाठ सांगेल. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेताना फ्लॅटच्या मूल्यात जी वाढ होते, तिचा निम्मा भाग प्रचलित नियमांनुसार फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. मुदत आणखी घटली की बँका कर्ज द्यायला नाखूश होतात आणि फ्लॅट विकणेही अवघड होऊन बसते. वर ‘ग्राउंड रेंट’ वेगळे. त्याच्या मोबदल्यात कोणतीही सेवा मिळत नाही, ते फक्त जमिनीचे भाडे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत काही बिल्डरांनी ते दर १० वर्षांनी दुप्पट होईल अशी कलमे घातली. वर्षाला २५० पौंड म्हणजे काय मोठेसे, असे सही करताना वाटते. ५० वर्षांनी तीच रक्कम ८,००० पौंड होते. वायव्य इंग्लंडमध्ये तर स्वतंत्र घरेही अशा पट्ट्यांवर विकली गेली. फ्रीहोल्ड विकण्याआधी रहिवाशांना विचारण्याचे कायदेशीर बंधन फ्लॅटांच्या इमारतींपुरते होते, त्यामुळे या घरांखालची जमीन राहणाऱ्यांना न विचारता तिसऱ्याला विकता आली. तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०२० मध्ये चार मोठ्या बिल्डरांवर कारवाई सुरू केली, तेव्हा कुठे ही दुपटीची कलमे मागे घेतली जाऊ लागली.

पैशांपेक्षाही मला खटकतो तो यातला धाक. ग्राउंड रेंट किंवा सर्व्हिस चार्जची थकबाकी ३५० पौंडांच्या वर गेली, किंवा त्याहून लहान रक्कम ३ वर्षांहून जास्त काळ थकली, तर फ्रीहोल्डर पट्टाच जप्त करण्याची कारवाई सुरू करू शकतो. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते होत नाही आणि पैसे भरणाऱ्याला न्यायालये बहुधा सवलत देतात, हे मान्य. पण लाखो पौंडांचे घर काहीशे पौंडांसाठी जाऊ शकते ही भीतीच वादग्रस्त बिल निमूट भरायला लावते. बँकेने घर जप्त करून विकले तर कर्ज फेडून उरलेले पैसे कर्जदाराला मिळतात. पट्टा जप्त झाला तर मुळात फ्रीहोल्डरवर असे काही परत करण्याचे बंधन नाही. आपला दोष नसतानाही बिल कसे येते, हे एका दुर्घटनेने दाखवले. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर देशभरातल्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर ज्वालाग्राही आवरण असल्याचे उघडकीस आले. ते काढण्याची बिले गेली ती लीजहोल्डरांकडे. इमारतीचा आराखडा, आवरणाची निवड, बांधकामाची तपासणी, यांपैकी कशातही त्यांचा हात नव्हता. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने त्यांतल्या अनेकांना संरक्षण दिले, पण ५ वर्षांनी, आणि तेही सर्वांना नाही.

‘सुधारणा चालूच आहेत की,’ असे यावर म्हटले जाते. त्या चालू आहेत हे खरे, पण १९६७ पासून. त्या वर्षीच्या कायद्याने घरांच्या लीजहोल्डरांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क दिला. फ्लॅटधारकांना तो एकत्र येऊन बजावण्याची वाट १९९३ मध्ये मिळाली. २००२ मध्ये फ्रीहोल्डरचा दोष सिद्ध न करता इमारतीचा कारभार ताब्यात घेण्याचा हक्क आला. २०२२ पासून बहुतेक नव्या पट्ट्यांवरचे ग्राउंड रेंट कायद्याने मिरीच्या एका दाण्यावर आले, म्हणजे शून्य झाले. मे २०२४ मध्ये आणखी मोठा कायदा मंजूर झाला. त्यात मुदत ९९० वर्षांनी वाढवून घेण्याची आणि मूल्यवाढीतला तो निम्मा वाटा रद्द करण्याची तरतूद आहे, पण या महत्त्वाच्या तरतुदी लगेच लागू झाल्या नाहीत. कायद्यात गंभीर त्रुटी असल्याचे नव्या सरकारने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेला सांगितले. प्रत्येक कायद्याने एक भोक बुजवले आणि पट्टे लिहिणाऱ्यांनी दुसरे शोधले. ज्या व्यवस्थेला जवळपास ६० वर्षे ठिगळे लावूनही ती उसवतेच, तिचे कापडच विरले आहे असे समजावे.

आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला कराराचा: डोळे उघडे ठेवून सही केली, आता तक्रार कसली? पण फ्लॅट घ्यायचा तर दुसरा पर्याय जवळजवळ नाहीच. पट्ट्याचा मजकूर आधीच ठरलेला असतो, त्यातला शब्दही घेणाऱ्याला बदलता येत नाही, आणि अनेकांना सॉलिसिटरही बिल्डरनेच सुचवलेला होता. दुसरा आक्षेप मालमत्तेच्या हक्काचा आहे. लोकांचे निवृत्तिवेतन सांभाळणाऱ्या फंडांनीही ग्राउंड रेंटमध्ये पैसा गुंतवला आहे, तो हिरावून कसा घेणार? याचे उत्तर न्यायालयांनी दिलेले आहे. वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या विश्वस्तांनी १९६७ च्या कायद्याला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात आव्हान दिले आणि १९८६ मध्ये ते हरले. २०२४ च्या कायद्यावरचे फ्रीहोल्डरांचे आव्हानही लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळले. वाजवी भरपाई द्यावी, याबद्दल वाद नाही. अडचणीतून उपटलेला नफा कायम ठेवा, हा मात्र हक्क होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: रहिवासी भांडतील, छप्पर गळत राहील. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेला कोणीही मराठी वाचक हे नाकारणार नाही. पण तिथे समिती बदलता येते, हिशेब मागता येतो, निबंधकाकडे जाता येते. आपसातले भांडण आणि दुसऱ्याची हुकमत यांतले भांडण मी पत्करीन.

दूर जायला नको, शेजारच्या स्कॉटलंडमध्ये फ्लॅटची मालकी पूर्ण असते आणि सामाईक जिन्याची, छपराची जबाबदारी वाटून देणारा कायदा २००४ चा आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९६१ मध्येच फ्लॅटच्या स्वतंत्र मालकीची पद्धत आणली. इंग्लंडनेही २००२ च्या कायद्यात ‘कॉमनहोल्ड’ नावाने तीच सोय केली, पण २० वर्षांत अशा इमारती २० सुद्धा झाल्या नाहीत. यावरून लोकांना ते नको आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ते ऐच्छिक ठेवले गेले आणि ज्या बिल्डरला लीजहोल्डमधून जास्त पैसा मिळतो, निवड त्याच्या हाती राहिली. जुनी इमारत कॉमनहोल्डमध्ये बदलायची तर प्रत्येक लीजहोल्डरची संमती हवी, एकाने नकार दिला की संपले. मार्च २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने नव्या फ्लॅटांसाठी कॉमनहोल्ड हाच नियम करण्याचा मनोदय जाहीर केला, त्याचे स्वागत. पण जुन्या इमारतींत बहुमताने बदल करता आला पाहिजे, भरपाईचे गणित सोपे आणि कायद्यात लिहिलेले असले पाहिजे, आणि पट्टा जप्त करण्याचा अधिकार आजच रद्द झाला पाहिजे. नाहीतर नव्या इमारतीतले मालक आणि जुन्या इमारतीतले मुदतीचे भाडेकरू अशी फाळणी होईल, आणि जुने फ्लॅट घ्यायला कोणी धजावणार नाही.

तोवर तिकडे घर घेणाऱ्या आपल्या माणसांना एवढेच सांगणे आहे. इंग्लंडमध्ये किंमत तोंडी ठरली तरी दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधील नसते. ती झाली की मागे फिरणाऱ्या खरेदीदाराची अनामत, बहुधा किमतीच्या १० टक्के, बुडते. म्हणून त्याआधीच स्वतः निवडलेल्या सॉलिसिटरकडून तीन उत्तरे लेखी घ्या: पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, ग्राउंड रेंट कोणत्या वर्षी किती वाढणार आहे, आणि गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज किती होता. मुदत ८० च्या जवळ आली असेल, तर ती विकणाऱ्याच्या खर्चाने वाढवून मागा. तो तयार नसेल तर ते घर सोडून द्या.