चतुष्पादातील चौथा आणि थकव्याचे संशोधन

‘अंगात त्राणच राहिलं नाही हो डॉक्टर’ हे वाक्य उदगीरच्या कोणत्याही चिकित्सालयात दिवसातून चार-पाच वेळा कानी पडते. (गावात आम्हांस ‘वैद्य’ कोणी म्हणत नाही, ते असो.) जळकोट, देवणी, मुखेडकडून आणि सीमेपलीकडील कमालनगर, औरादहून येणाऱ्या रुग्णांत, विशेषतः स्त्रियांच्या तोंडी ते अधिक असते. नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि अश्वगंधा, शतावरी व एखादा लोहकल्प लिहून द्यावा, ही आम्हा बहुतेकांची रीत. औषधी दुकानात तर तेवढेही होत नाही. ‘ताकदीचं काहीतरी द्या’ म्हटले की च्यवनप्राशाचा डबा काउंटरवर येतो. या रीतीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत, कारण तिच्यापायी आमच्याच हातून एका रुग्णेचे नुकसान झाले.

२०२१ साली कोविडमधून उठलेल्या एक शिक्षिका तीन-चार महिन्यांनी आमच्याकडे आल्या. थायरॉइड, मधुमेह, रक्तक्षय, क्षयरोग, सर्व तपासण्या निर्दोष होत्या. आम्ही रसायन योजले आणि रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जावे, अंतर हळूहळू वाढवावे, असे सांगितले. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या, ‘चालते त्या दिवशी ठीक असतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही.’ सवय मोडली आहे म्हणून असे होते, असा धीर देऊन आम्ही चालणे चालूच ठेवावयास लावले. पुढच्या खेपेस औषध नेण्यास त्यांचे यजमान एकटेच आले. बाईंना जिना उतरवत नव्हता.

ज्वरमुक्त मनुष्याने बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि चंक्रमण वर्ज्य करावे, असे चरकाच्या ज्वरचिकित्सेत स्पष्ट सांगितले आहे. चंक्रमण म्हणजे चालणे-फिरणेच. विद्यार्थिदशेत हे आम्ही पाठ केले होते. तरीही चुकलो, कारण बाई जे सांगत होत्या ते आम्ही लक्षण म्हणून ऐकलेच नाही; तक्रार म्हणून ऐकले.

श्रमानंतर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळणे हेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम या व्याधीचे मुख्य लक्षण होय, असे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात मांडले. रुग्ण मात्र ते त्यापूर्वी कित्येक वर्षे सांगत होते. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘लॅन्सेट’ मध्ये ६४१ रुग्णांवरील ‘पेस’ चाचणी प्रसिद्ध झाली. क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम आणि मानसोपचार यांनी या रुग्णांस लाभ होतो, असा तिचा निष्कर्ष. व्यायामाने आम्ही खंगतो, असे रुग्ण म्हणत राहिले; त्यांना हटवादी ठरविण्यात आले. अखेर ऑस्ट्रेलियातील एका रुग्णाने माहिती अधिकाराच्या मार्गाने चाचणीची आकडेवारी मागितली आणि २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने ती खुली करावयास लावली. संशोधकांनी आरंभी स्वतःच ठरविलेले निकष लावून पुन्हा गणित मांडले, तेव्हा व्यायामगटातील ‘बरे झालेले’ २२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. २०२१ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेतून तो व्यायामोपचार काढून टाकला.

पुढे त्याच देशात ‘डिकोडएमई’ हा आनुवंशिक अभ्यास झाला. त्यात रुग्ण केवळ नमुने देणारे नव्हते. प्रश्नावली ठरविण्यापासून ते संशोधकांच्या बरोबरीने बसले. अंथरुणास खिळलेला रुग्ण रुग्णालयात येणार कसा? म्हणून लाळेच्या नमुन्याची नळी टपालाने घरी पाठविली गेली. २०२५ साली जाहीर झालेल्या प्राथमिक निष्कर्षांत १५,५७९ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासातून जनुकसंचातील आठ स्थाने या व्याधीशी निगडित आढळली. उपचार त्यातून अजून निघालेला नाही. परंतु घराबाहेर न पडू शकणारे रुग्ण गणनेत आले ते रुग्णांनाच विचारल्यामुळे, हे आम्हांस मोलाचे वाटते.

हे वाचून ‘आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. सुश्रुताने शारीरस्थानात श्रमावाचून येणाऱ्या, श्वास न लागणाऱ्या थकव्यास ‘क्लम’ म्हटले आहे, हे खरे. पण क्लम म्हणजेच हा व्याधी, असा दावा आम्ही करणार नाही. आम्हांस आठवण द्यावयाची आहे ती चतुष्पादाची. भिषक्, द्रव्य, उपस्थाता यांच्या पंक्तीस चरकाने रोग्यास बसविले आणि त्याच्या चार गुणांत ‘ज्ञापकत्व’ गणले, म्हणजे आपल्या व्याधीविषयी सांगता येणे. आम्ही मात्र चौथ्या पादाकडून केवळ निर्देशकारित्वाची, सांगितले तसे वागण्याची, अपेक्षा ठेवतो.

आपल्याकडच्या थकव्याची जातकुळी वेगळीही असू शकते, हेही ध्यानात घ्यावे. गोव्यात १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये आले. १२.१ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. त्याचा संबंध कर्ज, उपासमार, मनाचे दुःख आणि स्त्रीरोगाच्या तक्रारींशी दिसला. हिमोग्लोबिनशी दिसला नाही. लोहकल्पाची बाटली सर्रास देणाऱ्या औषधविक्रेत्या बंधूंनी या शेवटच्या गोष्टीवर विचार करावा. रक्तक्षय असेल तेथे लोह द्यावेच. पण प्रत्येक थकलेली बाई रक्तक्षयाची नसते. तिला विचारल्यावाचून ते कळावे कसे?

म्हणून आमची सूचना आहे. लातूर-नांदेडच्या सभासदांनी दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांसाठी एक समान नोंदपत्रक करावे आणि त्याचा मसुदा रुग्णांसमवेत बसून ठरवावा. दिवसभराचे श्रम, झोप, दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाची अवस्था रुग्णाने स्वतः लिहावी. लिहिता येत नसल्यास घरच्यांनी. औषधी दुकानांतही ही पत्रके असावीत. एवढ्याने चाचणी होत नाही. औषधाचा पडताळा पाहावयाचा तर नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेचे साहाय्य, नैतिकता समितीची संमती आणि चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पूर्वनोंद हवीच. ‘अडाणी रुग्णाला काय कळते’ असा आक्षेप सभेत येईल, याची कल्पना आहे. ऊसतोडीस जाणारी बाई कोणत्या दिवशी किती मोळ्या वाहिल्या व त्यानंतर किती दिवस पडून राहिली, हे आम्हांपेक्षा नेमके सांगते.

त्या शिक्षिका आता घरातल्या घरात थोडे काम करतात, दमण्यापूर्वी थांबतात. पत्रकाचा कच्चा मसुदा आम्ही त्यांना दाखविला. ‘थकवा केव्हापासून आहे?’ हा आमचा पहिला प्रश्न त्यांनी खोडला आणि वर लिहिले, ‘परवा काय काय केले होते?’